आमचे कायमचे चौदा रसिक

हाचिनोहे, सहा नोव्हेंबर

ती. सौ. कायोकोताईस,

धाकट्या इसाओचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. टेबलाचा पाय मोडल्यापासून मी जमिनीवर बसून लिहितो.) पत्राची सुरुवात ऋतूच्या वर्णनाने करावी असं आपल्याला शाळेत शिकवलं होतं, आणि तू ते अजून पाळतेस. तुझ्या मागच्या पत्रात मेपलच्या पानांवर अर्धं पान खर्च झालं होतं. इकडचा ऋतू मला एका ओळीत सांगता येतो: थंडी पडली आहे आणि बंदरावरून माशांचा वास येतो आहे. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा रक्तदाब उतरला का? मुळे चांगले आले असं तू पत्रात तीन ठिकाणी लिहिलं आहेस, तेव्हा मुळ्यांची प्रकृती विचारत नाही.

तुझा मुख्य मुद्दा मला समजला आहे. भावोजींच्या लोणच्याच्या कारखान्यात मुळे दोरीला बांधून धुरावर टांगायला एक माणूस हवा आहे, माझ्यासाठी जागा धरून ठेवली आहे, राहायला मागची खोली आहे, आणि महिनाअखेरपर्यंत मी हो किंवा नाही कळवलं नाही तर ते शेजाऱ्यांच्या जावयाला घेणार आहेत. त्रेचाळीस वर्षांच्या माणसाने अजून तळघरात गिटार वाजवावी हे आता बरं दिसत नाही, हेही तू लिहिलं आहेस. (हे वाक्य तू खोडून पुन्हा लिहिलंस. खोडलेल्यात ‘शोभत नाही’ होतं, उजेडाकडे धरलं की वाचता येतं.) तुझ्या तीन पत्रांना आणि भावोजींच्या एका फोनला मी उत्तर दिलं नाही, याचं कारण उद्धटपणा नव्हे. आमचा तोयोकाझु गेला.

तोयोकाझु तुला आठवत असेल. तुझ्या लग्नात दोन माणसांचं जेवला आणि भावोजींच्या वडिलांचं भाषण चालू असताना मोठ्याने रडला, तो. तू तेव्हा मला विचारलं होतंस की हा कोणाकडचा, आणि मी माझ्याकडचा म्हणून सांगायला लाजलो होतो. तो आमचा ड्रमवाला. एरवी रॉकेलच्या दुकानात कामाला, गाडीवरून घरोघरी डबे पोचवायचा. बास वाजवणारा साकाए कोळंबी सोलण्याच्या कारखान्यात आहे आणि वर्षातून दोन वाक्यं बोलतो, पैकी एक नवीन वर्षाच्या शुभेच्छांचं. आणि मी. असा आमचा ‘निबोशी’ बँड, सुकट खाऊन वाढलेल्या तिघांनी सुकटीचं नाव दिलेला, गेली एकवीस वर्षं.

आता तुला माकुराबद्दल सांगायला हवं, कारण ते न सांगता पुढचं कळणार नाही, आणि तू एकवीस वर्षांत एकदाही आली नाहीस. (हा टोमणा आहे.) गाद्या-उशांच्या दुकानाखालचं तळघर म्हणून नाव माकुरा, म्हणजे उशी. खाली उतरायला वीस पायऱ्या. पायऱ्या संपतात तिथे एक छोटं टेबल, आणि टेबलाशी मालकीणबाई, हारुए. साठीच्या आहेत, जाकीट काढत नाहीत, हसत नाहीत. एका संध्याकाळी चार बँड वाजवतात, आणि येणाऱ्या प्रत्येकाला हारुएबाई एकच प्रश्न विचारतात, ‘आज कोणासाठी आलात?’ तुम्ही ज्या बँडचं नाव घ्याल त्या नावाखाली त्या एक रेघ ओढतात. पाच रेघांचं एक अक्षर होतं, म्हणजे पाच माणसं. ही रीत आपल्या देशातल्या सगळ्याच तळघरांत आहे, पण हारुएबाईंच्या हातात ती परीक्षेच्या निकालासारखी असते. रेघा भरपूर असतील तर पुढची तारीख शनिवारची. कमी असतील तर मंगळवारी, सगळ्यांच्या आधी, खुर्च्या मांडत असताना. आणि तीन वेळा पाचाच्या खाली गेलात तर त्या उठून उभ्या राहतात, वाकतात आणि म्हणतात, ‘जरा विश्रांती घ्या.’ या विश्रांतीवरून परत आलेला बँड मी पाहिलेला नाही.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही लागोपाठ दोनदा तीन रेघांवर आलो होतो. ते वर्ष तुला माहीत आहे. युकी संसार मोडून घर सोडून गेली आणि मी पडदे लावून घरात पडून होतो. तू डबे पाठवायचीस आणि मी ते उघडायचोही नाही. घराबाहेर पडायचं एकच निमित्त उरलं होतं, ते म्हणजे माकुराची तारीख, आणि तीही आता जाणार होती. तिसऱ्या खेपेला मी शेवटचं म्हणूनच गेलो. मनात काय काय होतं ते इथे लिहीत नाही, तुला रात्री झोप यायची नाही. तर त्या दिवशी आम्ही स्टेजवर चढलो आणि समोर पाहतो तो चौदा माणसं. सगळी सत्तरीच्या पुढची. पुढच्या दोन रांगांत, मांडीवर पिशव्या ठेवून, शिस्तीत बसलेली. वाजवून झाल्यावर टाळ्या वाजवल्या, वाकून नमस्कार केला आणि एकामागोमाग एक वर चढून गेली. हारुएबाईंनी मला कागद दाखवला. चौदा रेघा, आणखी साकाएची आई. आम्हाला गुरुवार मिळाला.

ताई, तेव्हापासून ती चौदा माणसं दर दोन महिन्यांनी आली. एकही तारीख चुकवली नाही. मी याचा पुष्कळ विचार केला, आणि विचार करून करून माझा एक सिद्धांत तयार झाला. तो असा, की तरुणांना आपलं दुःख नवीन वाटतं म्हणून ते आरडाओरडा करणाऱ्या बँडकडे जातात, पण ज्यांनी आयुष्य काढलं आहे त्यांना माझ्या आवाजात काहीतरी खरं सापडतं. हसू नकोस. मी हा सिद्धांत लोकांना सांगत असे, दारू न पिताही. मी त्यांच्यासाठी गाणी लिहिली. गुडघ्यावर एक, औषधाच्या डबीवर एक, बर्फावरून घसरण्यावर एक. तोयोकाझुला ऐकवली की तो म्हणायचा, ‘मस्त आहे रे, त्यांना लागू पडेल.’ इतर बँडची पोरं मला विचारायला यायची, की दादा, तुमचे लोक इतके टिकतात कसे. मी त्यांना सांगायचो, प्रामाणिकपणा. (हा शब्द मी फार वापरला. आता कागदावर लिहितानाही हात आखडतो.)

याची परिणती अशी झाली, की यंदा ग्रंथालयाच्या लोकांनी मला भाषणाला बोलावलं. विषय: ‘आपल्याच गावात राहून स्वतंत्र संगीतकाराने यशस्वी कसं व्हावं’. ऑक्टोबरातला क्रीडादिनाचा सोमवार, दुपारी दोन वाजता, तिसऱ्या मजल्यावरची छोटी खोली. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. श्रोते सात, पैकी एक झोपायला आला होता. पहिल्या रांगेतली एक खुर्ची मी तोयोकाझुसाठी कागद ठेवून राखली होती, आणि तो आला नाही. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आपली माणसं ओळखा.’ मग त्या चौदा जणांची गोष्ट सांगितली, अकरा वर्षांची, अगदी रंगवून. म्हणालो, ही माणसं कोणाच्या सांगण्यावरून येत नाहीत, सुरांमागे येतात. एकाने ते वहीत लिहून घेतलं. मग मी रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणालो, आणि यशाची दुसरी पायरी म्हणजे वेळेवर येणारा ड्रमवाला, तो आम्हाला अजून मिळायचा आहे. सातही जण हसले, झोपलेलासुद्धा जागा झाला. तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

पोलिसांनी नंतर जी वेळ सांगितली तीही तीच, दोन वीसच्या आसपास. नदीकाठच्या सरकारी वसाहतीत, चार नंबरच्या इमारतीत, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर तो सापडला. हृदय बंद पडलं होतं. दोन्ही हातांत रॉकेलचे भरलेले डबे होते, ते त्याने आधी नीट खाली ठेवले, झाकणं सरळ, आणि मग बाजूला बसला असावा. पोलीस म्हणाला, थेंबही सांडला नव्हता. त्या पोलिसाला याचंच जास्त कौतुक वाटत होतं. मला एकच कळेना, की सुट्टीच्या दिवशी, दुकान बंद असताना, हा डबे घेऊन तिथे काय करत होता. दुकानाच्या मालकाला विचारलं तर तो म्हणाला, ‘आमचा नियम इमारतीच्या दारापर्यंतचा. जिना चढायचा नाही. त्याला मी शंभरदा सांगितलेलं, पाठीला जप म्हणून.’ मला वाटलं, वरचे दोन पैसे मिळवत असेल. असं मला वाटलं, ताई, आणि मनातल्या मनात मी त्याच्यावर जरा चिडलो पण, की भाषण सोडून हा दोन पैशांच्या मागे गेला.

आपल्याकडे दहन आधी आणि विधी नंतर, त्यामुळे विधीच्या दिवशी सभागृहात अस्थींचं भांडं आणि फोटो एवढंच होतं. फोटो आमच्या बँडचा, कापून त्याच्यापुरता केलेला. (एकवीस वर्षांतल्या फोटोंपैकी त्याचे डोळे उघडे असलेला तो एकच. कडेला माझा अर्धा कान राहिला आहे.) त्याच्या आईने हारुएबाईंना विनंती केली, की दाराशी नावं लिहून घ्यायच्या टेबलावर तुम्ही बसा, तुम्हाला सवय आहे. ती सवयच नडली. पहिला आला दुकानाचा मालक, काळ्या कोटात, शोकाच्या पैशांचं पाकीट दोन्ही हातांनी पुढे करून. हारुएबाईंनी पाकीट घेतलं, वही पुढे सरकवली आणि मान वर न करता विचारलं, ‘आज कोणासाठी आलात?’

मी शेजारीच उभा होतो. तो माणूस गडबडला, त्याने फोटोकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, ‘तोयोकाझुसाठी.’ हारुएबाईंनी वहीच्या कडेला एक रेघ ओढली. मी त्यांना थांबवायला हवं होतं. पण मला ते वावगं वाटलंच नाही, एकवीस वर्षं मी तो प्रश्न ऐकत आलो आहे. पुढचा आला, त्यालाही विचारलं, त्यानेही सांगितलं. लोकांना वाटलं असेल की सभागृहात दोन विधी चालू आहेत. रांग वाढत गेली, रेघा वाढत गेल्या, आणि खरं सांगतो, मीही मनात मोजायला लागलो. चाळीस झाले, पन्नास झाले, सत्तर झाले. निबोशीसाठी एवढी गर्दी कधी जमली नव्हती. शनिवार मिळाला असता, असा विचार माझ्या डोक्यात येऊन गेला. मित्राच्या अस्थींपासून दहा पावलांवर उभा राहून मी हा विचार केला आणि आता तो लपवत नाही.

मग ती माणसं आली. आमचे कायमचे रसिक, तेरा जण, वसाहतीच्या बसने, कपाटातून काढलेल्या काळ्या कपड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास. मला भरून आलं. आमच्या संगीतावर प्रेम करणारी माणसं ड्रमवाल्याला निरोप द्यायला आली, असंच मला वाटलं. पहिल्या आजोबांना हारुएबाईंनी विचारलं, ‘आज कोणासाठी आलात?’ आजोबा पाठ केल्यासारखे म्हणाले, ‘निबोशी.’ दुसरे म्हणाले, ‘निबोशी.’ तिसऱ्या आजी म्हणाल्या, ‘निबोशी.’ रेघ, रेघ, रेघ. चौथे होते नुकुमी आजोबा, टोपी हातात धरलेले, पूर्वी बोटीवर होते त्यामुळे आवाज वाऱ्यावर बोलायचा. ते टेबलावर वाकले आणि त्यांच्या मते कुजबुजत म्हणाले, ‘बाई, इथंपण तेच सांगायचं ना? का आज खरं सांगितलं तर चालतंय?’

हारुएबाईंचं पेन थांबलं. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, ‘खरं म्हणजे?’

‘म्हणजे रॉकेलवाल्यासाठी आलो म्हणून.’

पुढचं सगळं विधीनंतरच्या जेवणात कळलं. नुकुमी आजोबा माझ्या शेजारी बसले होते आणि थंड भात चवीने खात होते. वसाहतीत लिफ्ट नाही. अठरा लिटरचा डबा खाली दारात ठेवला तर तो वर कोण नेणार, या वयात? तर अकरा वर्षांपूर्वी तोयोकाझुने एकेका दारावर जाऊन सौदा केला. आजोबांच्याच शब्दांत लिहितो: ‘पोरगं म्हणालं, दोन महिन्यांतून एकदा माझ्याबरोबर चला, दारात निबोशी म्हणायचं, अर्धा तास बसायचं, टाळ्या वाजवायच्या. तिकीट माझ्याकडं लागलं. त्या बदल्यात हिवाळाभर दर रविवारी डबा तुमच्या स्टोव्हपर्यंत. आम्ही म्हणलं, वाईट काय आहे? फक्त तुमच्या त्या वीस पायऱ्या जड जायच्या बघा. जिना चढायला नको म्हणून जिना उतरायचा.’ सणासुदीची आठवण सांगावी तसं ते हसत हसत सांगत होते. मी विचारलं, आणि कार्यक्रम कसा वाटायचा? तर म्हणाले, ‘कार्यक्रमाचा त्रास नव्हता. तो कापूस द्यायचा ना कानात घालायला. चांगला कापूस असायचा.’

साकाए समोर बसला होता, त्याने त्या वर्षीचं दुसरं वाक्य तिथे खर्च केलं. तो आजोबांना म्हणाला, ‘त्याने असं का केलं, हे सांगितलं होतं का?’ आजोबांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि जरा आठवून म्हणाले, ‘म्हणायचा, माझा एक मित्र आहे, त्याला घराबाहेर काढायला तारीख लागते, आणि तारखेला माणसं लागतात. तो मित्र बरा झाला का हो पुढं? आम्ही विचारायचो मधूनमधून, तो म्हणायचा, अजून एक हिवाळा.’

बरा झाला, असं मी त्यांना सांगितलं.

तेव्हापासून तीन आठवडे मी हेच करतो आहे: मोजतो आहे. अकरा हिवाळे, हिवाळ्यातले रविवार, चौदा घरं, कोणी दुसऱ्या मजल्यावर, कोणी चौथ्या. त्याची पाठ गेली तेव्हा मी त्याला म्हणालो होतो की ड्रमवाल्याने ताठ बसायला शिकावं. सरावाला उशिरा यायचा, अंगाला रॉकेलचा वास, तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर बोललो आहे, एकदा नाही, कितीदा तरी. मला लाज वाटते, ताई. दुःख आहेच, पण लाज त्याच्यापेक्षा मोठी आहे. आणि ती नुसती त्याला बोललो याची नाही. मला एकही ऐकणारा नव्हता, एकही, आणि मी त्या जोरावर भाषण दिलं. ग्रंथालयातल्या त्या मुलाने वहीत काय लिहून घेतलं आहे ते आठवलं की वाटतं, जाऊन ते पान फाडून आणावं.

तेव्हा तुझ्या पत्राचं उत्तर हो असं आहे. मी येतो. महिनाअखेरीची वाट कशाला, सामान बांधलं की निघतो. सामान फार नाही. मुळे टांगायला गळा लागत नाही, आणि मुळ्यांसमोर माझा काही सिद्धांतही नाही. मागच्या खोलीत स्टोव्ह असेल तर उत्तम, नसेल तर अंथरूण जाड दे. भावोजींना माझा नमस्कार आणि आभार सांग, आणि त्यांनी शेजाऱ्यांच्या जावयाला परस्पर कळवलं तरी माझी हरकत नाही. गुडघ्याला तिळाचं तेल लावत जा. बाकी सर्व ठीक, म्हणजे ठीक नाही, पण पत्राच्या शेवटी लिहितात तसं.

तुझा,
इसाओ

ता. क. सात नोव्हेंबर. पत्र टपालात टाकायला निघालो आणि वाटेत माकुरात शिरलो, हारुएबाईंना सांगायला, की आम्ही वाजवणं थांबवतोय. तीन शब्दांत सांगता आलं असतं, पण माझी सवय तुला माहीत आहे. मी त्यांना सगळं सांगितलं, की त्या चौदा रेघा खोट्या होत्या, आम्ही तुम्हाला फसवलं, निदान आमच्यातल्या एकाने फसवलं, आणि आमचे सगळे गुरुवार परत घ्या. हारुएबाई जाकिटाची चेन वरखाली करत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘पहिल्याच दिवशी कळलेलं मला. एकाच गाडीतून चौदा म्हातारी माणसं उतरली, एक सोडली तर सगळ्यांच्या कानात कापूस.’ मी विचारलं, मग तुम्ही रेघा का ओढल्या? म्हणाल्या, ‘कोणासाठी आलात एवढंच मी विचारते. कशासाठी, ते विचारत नाही. ते विचारायला लागले तर या तळघरात कोण वाजवेल? सगळ्यांच्याच रेघा अशा आहेत, इसाओ. कोणाची मावशी, कोणाचा साहेब, कोणाची उधारी. कोणीतरी कोणासाठी तरी जिना चढल्याशिवाय खाली कोणी उतरत नाही.’ ग्रंथालयाच्या भाषणाला या बाईंना बोलवायला हवं होतं. आमची डिसेंबरची तारीख त्यांनी वहीतून खोडली नाही. मी म्हणालो खोडा, तर म्हणाल्या, पेन सापडत नाही. पेन त्यांच्या हातात होतं.

ता. क. दोन. रविवार. पत्र अजून माझ्याकडेच आहे. तू लक्ष देऊन वाचलं असशील तर तुला एक गोष्ट खटकली असेल: चौदापैकी विधीला तेरा आले. चौदाव्या सोमेया आजी. चार नंबरची इमारत, चौथा मजला. रविवारचे राहिलेले शेवटचे दोन डबे त्या सोमवारी त्यांच्याकडे चालले होते. त्या दिवसापासून त्या दार उघडत नाहीत असं नुकुमी आजोबा म्हणाले, आणि स्टोव्हही पेटलेला दिसत नाही. आज सकाळी मी एक डबा घेतला, बसमध्ये मांडीवर धरला (ड्रायव्हरने मला उतरवायचा प्रयत्न केला, ती हकिगत वेगळी), आणि चौथ्या मजल्यावर चढलो. दुसऱ्या मजल्यावर बसलो. तिसऱ्यावर पुन्हा बसलो. त्या वळणावर मात्र बसलो नाही. दार खूप वेळ ठोठावलं, मग आतून आवाज आला, कोण? मी म्हणालो, ‘रॉकेल.’ दार उघडलं. आजी ऐंशीच्या पुढच्या, बाहुलीएवढ्या, घरात कोट घालून. म्हणाल्या, ‘रॉकेलवाला तर गेला. माझ्यामुळं गेला.’ मी नाही म्हणालो, पण त्यांना ऐकू येत नाही, अजिबात नाही; दाराचे दणके तेवढे जमिनीतून कळले असावेत, माझं ‘रॉकेल’ हवेतच गेलं. म्हणून कागदावर लिहिलं: मी त्याचा मित्र, निबोशीमध्ये गातो. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, वाचला, मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, ‘त्यात गाणंपण असायचं होय?’

अकरा वर्षं त्या पहिल्या रांगेत बसत होत्या, ताई. माझ्यापासून चार हातांवर.

त्या म्हणाल्या, बूट काढून बसायच्या, तळपाय जमिनीला टेकवून. तोयोकाझुने सांगितलं होतं की मी वाजवायला लागलो की तुम्हाला पायातून कळेल, आणि कळायचं. घरात बारा महिने काही ऐकू येत नाही, तिथे अर्धा तास यायचं. त्यांनी कापूस कधी घेतला नाही. मग म्हणाल्या, ‘आता कोण वाजवणार?’ मी लिहिलं, कोणी नाही. त्यांनी ते वाचलं. मग विचारलं, ‘मग मी दारात कोणासाठी आले म्हणून सांगू?’

मी स्टोव्हमध्ये रॉकेल भरलं, पेटवला, तो नीट पेटेपर्यंत थांबलो. निघताना मग लिहिलं, की डिसेंबरात तारीख आहे, ड्रम मी वाजवीन, मला येत नाही, साकाए बासवर सांभाळून घेईल आणि गाणं नसेल. आजींनी कागद घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. म्हणाल्या, ‘बरं. पण तो दर रविवारी यायचा.’

तेव्हा भावोजींना सांग की त्या जावयाला घ्या. आणि मुळे आणायला जातो तो छोटा ट्रक हिवाळ्यात बर्फात नुसता उभा असतो, तो मार्चपर्यंत मिळाला तर मला हवा आहे. अजून तेरा घरं राहिली आहेत. शनिवारच्या आत पाठवता आला तर बघ.